चालीची लिपी

मराठीत 'चाल' या शब्दाला फार काम असते. माणसाची चालण्याची ढब ही चाल. अभंगाला लावतात तीही चाल. बुद्धिबळाच्या पटावर खेळतात ती चाल, शत्रूवर करून जातात ती चाल आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेली रीत हीसुद्धा चालच. 'चालचलणूक' म्हणताना तर पायांचा संबंध जवळजवळ सुटतो आणि उरतो तो केवळ शीलाचा. शरीराची एक साधी क्रिया आणि तिच्याभोवती सूर, डावपेच, रूढी व नीती, असा हा संसार एकाच शब्दाच्या घरात नांदतो. चालणे म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे एवढेच नव्हे, चालणाऱ्याविषयी ते काहीतरी सांगून जाते, हा विश्वास भाषेने या शब्दात जपून ठेवला आहे.

आज हे सांगण्याचे काम मनगटावरच्या पट्ट्याकडे किंवा खिशातल्या फोनकडे गेले आहे. दिवस मावळला की तो एक आकडा दाखवतो आणि माणसे त्या आकड्यावरून आपला दिवस चांगला गेला की वाया गेला हे ठरवतात. या आकड्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो सहसा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. आम्हाला येथे तो वाचनाचा इतिहास म्हणून मांडायचा आहे. माणसाची चाल वाचण्याचा अधिकार शब्दांकडून यंत्राकडे केव्हा गेला, का गेला, आणि या हस्तांतरात काय हाती आले व काय निसटले, हा आमचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण उघड आहे: ज्या माणसाने हे हस्तांतर घडवले, त्याने भाषा या कामाला अपुरी आहे असे स्पष्ट लिहून ठेवले होते.

१.

चालीचे माप घेण्याची कल्पना यंत्रयुगाची नव्हे. नाट्यशास्त्रात गतिप्रचाराचा एक स्वतंत्र अध्याय आहे. रंगभूमीवर कोणत्या पात्राने कसे चालावे याचे नियम त्यात दिले आहेत आणि ते नियम मापात दिले आहेत. उत्तम पात्राचे पाऊल चार तालांचे, मध्यमाचे दोन तालांचे, अधमाचे एका तालाचे. ताल म्हणजे येथे लांबीचे एक माप. पावलाला लागणाऱ्या काळाचीही अशीच उतरंड लावलेली आहे. थोर माणूस लांब आणि संथ पावले टाकणार, हलका माणूस तोकडी आणि घाईची. प्रेक्षकाला पात्राचा दर्जा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कळावा, ही त्यामागची योजना. माप घेणारा कधी नुसते माप घेत नाही, मापाबरोबर तो माणसांची क्रमवारीही लावतो, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवू. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

युरोपात हाच विषय एका कादंबरीकाराने हाती घेतला. बाल्झॅकने १८३३ साली 'चालीचा सिद्धान्त' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. माणूस पहिल्यापासून चालत आला आहे, पण तो का चालतो, कसा चालतो आणि याहून चांगला चालू शकेल काय, हे कोणीच विचारलेले नाही, याचे त्याला नवल वाटते. मग तो पॅरिसमधल्या एका रुंद हमरस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाली टिपू लागतो. कोणाच्या चालीत दुकानदारी दिसते, कोणाच्या चालीत लष्कर, कोणाच्या चालीत लपवलेले दुःख. निबंध अर्धा गंभीर आणि अर्धा थट्टेखोर आहे. दरी दिसत असून तीत पडणारा मूर्ख आणि ती पडझड ऐकून दरीची खोली मोजायला धावणारा विद्वान अशी जोडी त्यात येते. आपण स्वतः या दोघांच्या मध्ये कोठेतरी उभे आहोत, असा लेखकाचा पवित्रा आहे. निबंधाच्या अखेरीस सिद्धान्त असा हाती लागतच नाही. लागतात ती निरीक्षणे, आणि पुढे त्याच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांना मिळालेले पाय.

बाल्झॅकच्या निबंधानंतर तीनच वर्षांनी, १८३६ मध्ये, जर्मनीत वेबर बंधूंचा मानवी चालण्याच्या यंत्रणेवरचा ग्रंथ निघाला. एक भाऊ भौतिकशास्त्रज्ञ, दुसरा शरीरशास्त्रज्ञ. उचललेला पाय लंबकासारखा आपोआप पुढे झुलतो, स्नायूंना त्यात फारसे काही करावे लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कादंबरीकाराने माणसाकडे पाहिले आणि त्याला स्वभाव दिसला. शास्त्रज्ञांनी पाहिले आणि त्यांना लंबक दिसला. मात्र दोन्ही पक्षांकडे साधन जवळपास सारखेच होते: डोळा, आणि त्याच्या जोडीला फार तर घड्याळ व मोजपट्टी. चालणारे शरीर स्वतःची नोंद स्वतः करील अशी सोय अजून कोणाजवळ नव्हती.

२.

ती सोय एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केली. मारे यांचा जन्म १८३० चा, मृत्यू १९०४ चा. १८६० च्या सुमारास त्यांनी नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे उपकरण सिद्ध केले होते. मनगटावर टेकवलेली एक नाजूक तरफ धमनीबरोबर वरखाली होई आणि तिच्या टोकाची लेखणी सरकत्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. शरीराच्या आतली हालचाल बाहेर अक्षरासारखी उतरवायची, ही त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची दिशा येथेच ठरली.

चालीसाठी त्यांनी आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गास्तों कार्ले यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी जो बूट वापरला, त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बुटाचा तळ जाड रबराचा, आणि त्या रबरात हवेची एक पोकळी ठेवलेली. पाय जमिनीवर टेकला की पोकळी दाबली जाई आणि आतली हवा एका लांब रबरी नळीतून पुढे ढकलली जाई. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक उथळ धातूची डबी, आणि तिच्या तोंडावर डफासारखा ताणून बसवलेला पातळ रबरी पडदा. हवेच्या दाबाने पडदा फुगे, त्यावर टेकलेली हलकी तरफ उचलली जाई आणि तरफेची लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर पांढरी रेघ ओढी. पाय उचलला की रेघ खाली येई. चालणारा माणूस हे नोंदयंत्र स्वतःच्या हातात धरून चाले वा धावे. अंगावर घालून वावरायचे गतिसंवेदक आज ज्याला म्हणतात, त्याचा हा पूर्ण आराखडा आहे: शरीराला चिकटलेले संवेदन, तेथून निघणारी वाहिनी आणि नोंद साठवणारे फिरते साधन. विजेचा त्यात कोठेही संबंध नव्हता. सगळा कारभार हवेवर चाले.

याहून चकित करणारे उपकरण डोक्यावर बसवायचे होते. चालताना शरीर किती वरखाली होते हे टिपण्यासाठी मारे यांनी तसाच एक पडदा मेणाच्या आधाराने डोक्यावर बसवला आणि त्याच्याशी शिशाचे एक वजन जोडले. डोके झटक्याने वर गेले तरी शिसे आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते. या रेंगाळण्यामुळे पडदा दबतो आणि नळीतून तो दाब लेखणीपर्यंत पोचतो. आजच्या प्रत्येक फोनात असलेल्या त्वरणमापकाचे तत्त्व हेच आहे. तेथे शिशाच्या जागी सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा असतो आणि हवेच्या जागी विद्युत्‌भार, पण जडत्वाने मागे राहणारे वस्तुमान आणि त्याचे मागे राहणे मोजणारी यंत्रणा ही जोडी बदललेली नाही.

१८७३ साली मारे यांचा प्राण्यांच्या यंत्रणेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नागमोडी रेघांवरून त्यांनी चालीची एक सुटसुटीत लिपी तयार केली होती आणि ती बेतताना त्यांच्यासमोर संगीताचे स्वरलेखन होते. उजव्या पायासाठी एक पट्टी, डाव्यासाठी दुसरी. पाय जितका वेळ जमिनीवर, तितकी पट्टी लांब. चालताना एका पायाची पट्टी संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते. धावताना मध्ये मोकळी जागा राहते, कारण त्या क्षणी दोन्ही पाय हवेत असतात. घोड्याला चार पट्ट्या. आमच्या भाषेत पावलांची चाल आणि गाण्याची चाल हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. मारे यांना मराठी येण्याचे काही कारण नव्हते, तरी त्यांनी चालीला अक्षरशः चाल लावली.

घोड्याच्या बाबतीत या लिपीने डोळ्यांचा पराभव केला. भरधाव घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीपासून सुटतात काय, या वादाचा निकाल शतकानुशतके पाहूनही लागलेला नव्हता. घोड्याच्या खुरांना हवेच्या पिशव्या बांधून आणि नोंदयंत्र स्वाराच्या हाती देऊन मारे यांनी तो लावला. कॅलिफोर्नियातल्या लेलंड स्टॅनफर्ड यांच्यासाठी मायब्रिज यांनी १८७८ मध्ये काढलेली धावत्या घोड्याची प्रसिद्ध छायाचित्रे त्यानंतरची आहेत. चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले उडते घोडे रंगवले होते. ते खोटे ठरले.

याच काळात, १८७८ च्या आपल्या आलेखपद्धतीवरील ग्रंथात, मारे यांनी विज्ञानाच्या वाटेतले दोन अडथळे सांगितले. सत्य शोधायला आपली ज्ञानेंद्रिये सदोष आहेत हा पहिला. सापडलेले सत्य सांगायला भाषा अपुरी आहे हा दुसरा. त्यांच्या मते शरीराने स्वतः ओढलेली रेघ ही घटनेची स्वतःची भाषा होती. तिला व्याकरण शिकवावे लागत नाही, ती देशोदेशी सारखीच कळते आणि तीत अलंकाराला जागा नसते.

साहित्याच्या वर्गात बसणाऱ्याने हे विधान सहज झटकून टाकू नये. घोड्याच्या बाबतीत ते खरे ठरले होते.

३.

पण हवेच्या नळ्यांना मर्यादा होती. नळी फार लांब झाली की नोंद उशिरा पोचते, आणि अंगभर नळ्या बांधलेला माणूस नेहमीसारखा चालत नाही. मोजण्याच्या साधनानेच मोजायची गोष्ट बिघडावी, ही अडचण या विद्येला अगदी जन्मापासून चिकटली आहे. मारे यांनी १८८२ नंतर छायाचित्रणाचा मार्ग धरला. पॅरिसच्या कडेला उभारलेल्या त्यांच्या प्रयोगकेंद्रात माणसाला पायापासून डोक्यापर्यंत काळा पोशाख चढवीत, हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर पांढरे ठिपके लावीत, आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून त्याला चालवीत. एकाच काचेवर थोड्याथोड्या अंतराने प्रतिमा घेतल्या की माणूस नाहीसा होई आणि उरत केवळ रेषा: मांडीची, पोटरीची, दंडाची. चेहरा काळ्या कापडाखाली गेलेला असे. शास्त्राला हवी असलेली चाल अखेर मिळाली होती, आणि ती कोणाचीच नव्हती.

ही माणसे कोण होती? पुष्कळदा सैनिक. १८७० च्या युद्धात पराभूत झालेल्या फ्रान्सला आपल्या फौजेची चाल सुधारायची होती. किती वजन, किती लयीत, किती लांब पावलांनी वाहिले असता शिपाई कमी थकेल, हा प्रश्न सरकारला पैसे खर्च करण्याजोगा वाटत होता. मारे यांचे सहकारी जॉर्ज देमेनी यांनी या दिशेने बरेच काम केले. ऱ्हाइनच्या पलीकडेही तेच चालले होते. ब्राउने आणि फिशर या जर्मन संशोधकांनी १८८९ मध्ये मानवी शरीराच्या गुरुत्वमध्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच जर्मन पायदळ शिपायाच्या सरंजामाचा उल्लेख आहे. १८९१ मध्ये त्यांनी लाइपझिग येथे एका माणसाच्या हातापायांवर विजेने उजळणाऱ्या काचेच्या बारीक नळ्या बांधल्या आणि त्याला अंधारात चालवून अनेक बाजूंनी छायाचित्रे घेतली. मोकळ्याने चालवले आणि लष्करी ओझे पाठीवर देऊनही चालवले. विजेचा धक्का बसू नये म्हणून अंगावर रबर गुंडाळावे लागे आणि नुसती तयारीच कित्येक तास चाले. या मोजक्या पावलांचे गणित सोडवायला मात्र वर्षे लागली. ब्राउने १८९२ मध्ये वारले आणि फिशर यांनी त्या चालीवरचे खंड १८९५ ते १९०४ या काळात प्रसिद्ध केले. पाय लंबकासारखा आपोआप झुलतो ही वेबर बंधूंची समजूत या गणिताने मोडीत काढली.

१८९५ मध्ये पॅरिसमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांचे 'प्रदर्शन' मांडले होते. फेलिक्स-लुई रेन्यो नावाच्या डॉक्टराने तेथे या माणसांच्या चालण्याचे, बसण्याचे, ओझी वाहण्याचे चलत्‌चित्रण केले. त्यातून वंशांची तुलना करायची होती आणि गुडघे वाकवून चालण्याची ढब फ्रेंच शिपायाला उपयोगी पडेल का हेही पाहायचे होते. नाट्यशास्त्रातले उत्तम, मध्यम, अधम येथे वेगळ्या वेशात परत आले होते. भरताच्या रंगभूमीवर निदान नट ती चाल धारण करीत असे आणि प्रयोग संपल्यावर उतरवून ठेवीत असे. येथे तशी सवड नव्हती.

या मालिकेत हिंदुस्थानचे एक पान आहे आणि ते याहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ब्रिटिश सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला तेथे प्रवेश नव्हता. कॅप्टन माँटगोमेरी यांनी हिमालयातल्या माणसांना शिकवून पाठवण्याची युक्ती काढली. कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग रावत यांना डेहराडूनला दोन वर्षे तालीम मिळाली. तीत मुख्य शिक्षण पावलांचे होते: चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे. हातात बौद्धांची जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदीचे कागद. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. दीड वर्षाच्या त्या प्रवासात सुमारे १२०० मैलांची वाट त्यांनी पावलांनी मोजली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

मारे माणसाच्या अंगावर यंत्र चढवीत होते. येथे माणसालाच यंत्र केले होते. तरीही आम्हाला फरक जाणवतो. नैनसिंग पावले मोजत होते आणि त्याच वेळी पाहतही होते. त्यांच्या टिपणांत अंतरे आहेत, तशी माणसे, मठ, बाजार आणि भीतीही आहे. मोजणारा आणि सांगणारा त्यांच्यापुरते एकच होते. मारे यांच्या काळ्या पोशाखातल्या माणसाने स्वतः काय अनुभवले, हे कोणी त्याला विचारल्याचे दिसत नाही.

४.

विसाव्या शतकात ही विद्या कारखान्यात शिरली. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगाराच्या बोटांवर लहान दिवे बांधून त्यांच्या हालचालींचे प्रकाशमार्ग छायाचित्रांत उतरवले. त्या मार्गांच्या तारेच्या प्रतिकृती करून इतर कामगारांपुढे आदर्श म्हणून ठेवल्या. हेतू श्रम वाचवण्याचा होता. वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न निराळा.

मॉस्कोतली कथा साहित्याच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. तेथील केंद्रीय श्रमसंस्थेचा संस्थापक अलेक्सेई गास्तेव हा कवी होता. पोलाद, हातोडे आणि भोंगे यांच्या कवितांनी गाजलेला. १९२० मध्ये त्याने कविता मागे ठेवली आणि संस्था काढली. छिन्नीवर हातोडा कसा मारावा याचे शास्त्र करणे हेच आता आपले काव्य आहे, अशी त्याची धारणा झाली होती. १९२२ मध्ये निकोलाय बर्नश्टाइन हा तरुण डॉक्टर त्या संस्थेत आला. कामगाराच्या सांध्यांवर दिवे बांधून त्याने हातोड्याचा प्रत्येक घाव टिपला. अपेक्षा अशी, की निष्णात लोहाराचे घाव एकमेकांची हुबेहूब नक्कल असतील आणि तो साचा शिकवता येईल. पण निघाले भलतेच. हातोड्याचे टोक दर वेळी नेमके जागेवर पडत होते. खांदा, कोपर आणि मनगट मात्र दर घावाला निराळ्या वाटेने जात होते. कौशल्य म्हणजे एकच उत्तर घोकणे नव्हे, एकच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे होय, असा निष्कर्ष बर्नश्टाइनने काढला. पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती, असे तो त्याला म्हणे.

एकच चीज दर मैफलीत गाणाऱ्या गवयाला, आणि एकच ओवी रोज जात्यावर म्हणणाऱ्या बाईला, हे सांगावे लागले नसते. परंतु ते सिद्ध करायला यंत्र लागले, हेही मान्य केले पाहिजे. सर्व माणसे एका साच्यात बसवण्यासाठी उभारलेल्या संस्थेत, त्याच कामासाठी बनवलेल्या साधनाने, साचा नसल्याचा पुरावा दिला. गास्तेवला १९३८ मध्ये अटक झाली आणि पुढे गोळी घालण्यात आली. बर्नश्टाइनला १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले आणि थोड्याच काळात त्याची प्रयोगशाळा हातची गेली.

५.

यानंतरचा टप्पा सूक्ष्मतेचा आहे. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स आणि एंजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या त्वरणमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात असे मापक मोटारींत बसू लागले. अपघाताचा धक्का ओळखून हवेची पिशवी फुगवणे हे त्यांचे काम. मोटारींमुळे त्यांचा खप वाढला, खपामुळे किंमत उतरली आणि किंमत उतरल्यावर ते खेळण्यांत, फोनांत आणि मनगटांवर आले. सिलिकॉनचे एक इवलेसे वस्तुमान केसाहून बारीक कमानींवर टांगलेले असते. ते हलले की शेजारच्या पट्ट्यांतले अंतर बदलते आणि विद्युत्‌धारिता बदलते. मारे यांचे शिसे ते हेच.

मात्र हे संवेदक पावले मोजत नाहीत, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ते फक्त धक्के मोजतात. कोणत्या धक्क्याला पाऊल म्हणायचे, हे बनवणारा ठरवतो. धक्का किती जोराचा हवा, दोन धक्क्यांत किती अंतर चालेल, याच्या सीमा त्याने आखलेल्या असतात. सीमा खाली आणली तर खड्ड्यांच्या रस्त्यावरची रिक्षाही पावले टाकू लागते. वर नेली तर हळू चालणारे माणूस मोजणीतून गळते. मंद गतीने, पाय घासत चालणाऱ्यांची पावले ही उपकरणे कमी मोजतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे सीमारेषा आखताना कोणाची तरी चाल 'चाल' म्हणून गृहीत धरलेली असते, आणि ती बहुधा तरुण, धडधाकट माणसाची असते.

दैनंदिन १०,००० पावलांचा जो दंडक सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगमही असाच आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतरच्या उत्साहात, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचा पाऊलमापक विकायला काढला. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांनाही पुष्कळ लाभ होतो आणि ७,५०० च्या आसपास तो लाभ वाढायचा थांबतो. तरी गोल आकड्याची सत्ता ओसरलेली नाही. योगायोग असा, की नैनसिंगांची शंभर मण्यांची माळ एकदा पुरी झाली की पावले बरोबर १०,००० होतात.

आमच्यापैकी एकाच्या घरी गेल्या वर्षी या सीमारेषेचा अनुभव आला. आईचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर तिला वॉकर धरून घरातल्या घरात चालायला सांगितले होते आणि मुलाने हौसेने तिच्या मनगटावर पट्टा बांधला होता. पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट ती दिवसातून कितीदा तरी चालली. संध्याकाळी पट्ट्यावर आकडा आला: अकरा. वॉकर धरलेला हात हलत नाही आणि मनगटावरचे यंत्र हाताच्या हलण्यावरून पावले ओळखते, हे कारण नंतर उमगले. पण त्या संध्याकाळी आईने तो आकडा पाहिला आणि ती एवढेच म्हणाली, "म्हणजे मी चाललेच नाही का रे?" त्या दिवसातले प्रत्येक पाऊल घाबरत टाकलेले, दात आवळून टाकलेले. ज्या दिवशी ती खरोखर चालली, त्या दिवशी तिच्या नावावर अकरा पावले होती.

६.

मार्सेल मोस यांनी १९३४ मध्ये शरीराच्या तंत्रांवर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी एक आठवण सांगितली. न्यूयॉर्कच्या इस्पितळात आजारी पडून असताना तेथील परिचारिकांची चाल त्यांना कोठेतरी पाहिल्यासारखी वाटली. मग लक्षात आले की ती चित्रपटांतली चाल आहे. फ्रान्सला परतल्यावर पॅरिसच्या मुलीही तसेच चालताना त्यांना दिसल्या. चाल ही एकट्या शरीराची मालमत्ता नसते, ती शिकलेली, पाहिलेली, उसनी घेतलेली असते, हे मोस यांचे म्हणणे. येथे एक वर्तुळ पुरे होते. मारे यांच्या छायाचित्रणातून चलत्‌चित्राला चालना मिळाली. ते ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही येऊन पोचले. आणि चाल मोजण्याच्या या साधनाच्या वंशजाने जगभरच्या माणसांना नव्याने चालायला शिकवले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. यंत्राने वाचन हिरावून घेतले अशी तक्रार आम्हाला करायची नाही. घोड्याचे पाय, वेबरांचा लंबक आणि लोहाराचा खांदा या तिन्ही ठिकाणी नुसता डोळा व नुसता शब्द चुकला होता किंवा मुका राहिला होता. आज चालीतल्या सूक्ष्म बदलांवरून कंपवातासारख्या विकारांचा मागोवा घेण्याचे प्रयत्न होत आहेत, त्यांनाही कमी लेखण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप मारे यांच्या एकाच शब्दावर आहे: घटनेची *स्वतःची* भाषा. तशी भाषा नसते. बूट कोठे पोकळ ठेवायचा, पट्टी कोठे चिकटवायची, काळा पोशाख कोणाला चढवायचा, धक्का किती जोराचा असला म्हणजे त्याला पाऊल म्हणायचे, हे सगळे रेघ उमटण्यापूर्वी कोणीतरी ठरवलेले असते. प्रत्येक आलेखाला संपादक असतो, मात्र तो आपले नाव छापत नाही. संहिता आपोआप सिद्ध होत नाही, तिच्यामागे निवड असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. तेवढाच धडा आकड्यांच्या बाबतीत लावायचा आहे.

बाल्झॅकच्या गोष्टीत दरीची खोली मोजणारा विद्वान हास्यास्पद ठरतो, आणि पडणारा मूर्खही. खोली कळणे वाईट नाही. कोण पडले, हे विचारायचे राहू नये.

त्या आईच्या मनगटावरचा पट्टा नंतर काढून ठेवला. ती रोज उंबऱ्यापर्यंत जाई आणि प्रत्येक खेपेला पाटीवर खडूची एक रेघ ओढी. महिनाअखेरीस पाटी भरली. कोणत्या रेघेच्या दिवशी दुखले आणि कोणत्या दिवशी कमी दुखले, ते ती बोट ठेवून सांगे.